पुलाच्या चढावर उतरलेली बॅटरी

आमच्या घराण्यातल्या चार पिढ्यांनी काशीच्या अहिल्याबाई घाटावर लोकांचे संकल्प सांगितले. पाचव्या पिढीतला मी मोटारींच्या वायरी जोडत बसलो. वडिलांना हे कुणाला नीट सांगता यायचं नाही. महाराष्ट्रातून आलेले यजमान विचारायचे, "गुरुजी, चिरंजीव काय करतात?" वडील उपरणं सारखं करत म्हणायचे, "विजेचं काम असतं त्याचं." ऐकणारा समजायचा, वीज खात्यात नोकरीला असेल. वडील तो समज तसाच राहू द्यायचे.

रामनगरच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं दुकान होतं. होतं म्हणतो, कारण या वर्षी ते मी बंद केलं. डोळ्यांना बारीक वायर दिसेनाशी झाली आणि नव्या गाड्यांत माझ्यासारख्याच्या हाताला फारसं काम उरलं नाही. आपल्या मंडळाच्या अंकासाठी दुकानाच्या गमती लिहा, असा निरोप आला तेव्हा मी लगेच हो म्हटलं. गमती खूप आहेत. पण लिहायला बसल्यावर एकच गोष्ट पुढे येत राहिली आणि ती गमतीची नाही. माझी मराठी घरातली, बनारसी आहे, हिंदीचे शब्द मध्ये येणारच. ते सांभाळून घ्या.

आधी धंदा थोडा समजावून सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मोटारीत बॅटरी असते ती गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखी. गाडी चालू करताना, दिवे लावताना त्या टाकीतली वीज खर्च होते. ती पुन्हा भरायला एक पंप लागतो. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा तो पंप म्हणजे अल्टरनेटर. जुने लोक अजून त्याला डायनॅमोच म्हणतात. पंप चांगला, टाकी चांगली, मधले नळ चांगले, तर गाडी वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही. यातलं काही एक पुरतं बिघडलं तर शोधायला दहा मिनिटं लागतात. तो बिघाड कुणीही काढतो.

खरा जीव खाणारा बिघाड तो, जो कधी असतो आणि कधी नसतो. गाडी रस्त्यात बंद पडते, ढकलत दुकानात आणावी तर तिथे शहाण्यासारखी चालते. मीटर लावा, आकडा बरोबर. गिऱ्हाईक सांगतं ते खोटं वाटायला लागतं, आणि गिऱ्हाइकाला आपण खोटे वाटायला लागतो. दुसऱ्या मिस्त्रींनी हात टेकले की अशा गाड्या माझ्याकडे यायच्या. "सदाशिव मास्टरला दाखवा," असं लोक सांगायचे. मला त्याचा अभिमान होता. आज वाटतं, जरा जास्तच होता.

गिऱ्हाइकं एकेक असायची. शिंदे घाटाकडच्या एका पंडितजींची गाडी सारखी बंद पडायची. समोरच्या पॅनेलवर बॅटरीच्या चित्राचा एक लाल दिवा असतो, पंप थांबला की तो लागतो. मी विचारलं, "लाल बत्ती जलती है क्या, पंडितजी?" ते म्हणाले, "कभी नहीं." वाकून पाहिलं तर त्यांनी त्या दिव्यावरच गणपतीचा स्टिकर चिकटवला होता. लाल प्रकाश डोळ्यांत जातो म्हणून. मी तो काढला तेव्हा त्यांनी आधी बाप्पाला नमस्कार केला आणि मग मला म्हणाले, "देखिए, विघ्न तो इन्होंने रोक ही रखा था." मी हे कितीतरी जणांना हसत हसत सांगितलंय. लोक दिवा झाकून ठेवतात आणि बिघाड आम्हाला विचारतात, असं म्हणायचो. मी स्वतः काय झाकून ठेवलं होतं ते कुणाला सांगितलं नाही. ते आता सांगतो.

पुराणिककाका आणि मालतीकाकू रामनगरला राहत. काका रेल्वेत सिग्नल विभागात होते. सगळी नोकरी रुळांच्या कडेने वायरी आणि रिले तपासण्यात गेली. रिटायर झाल्यावर त्यांनी रामनगरला लहानसं घर बांधलं, काशी समोर दिसते म्हणून. मुलगा परदेशात. काकू जबलपूरच्या, मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. काकांच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा काकू बासष्ट वर्षांच्या होत्या, आणि त्या वयात त्या मोटार शिकल्या. घरात काकांची जुनी पेट्रोलची गाडी होती, वीस वर्षांपूर्वीची. आठवड्यातून तीन दिवस सकाळी सातला पुलापलीकडच्या इस्पितळात डायलिसिस असायचं. काका मागच्या सीटवर उशीला टेकून बसत, काकू स्टिअरिंगला चिकटून बसल्यासारख्या, दोन्ही हात घट्ट, चाळीसच्या वर कधी नाही.

ऑक्टोबरात गाडी पहिल्यांदा माझ्याकडे आली. दर आठ-दहा दिवसांनी बॅटरी उतरते, ही तक्रार. मी बॅटरी तपासली, चांगली होती. इंजिन चालू करून मीटर लावलं, चौदा व्होल्ट. दिवे लावून पाहिलं, तरी चौदाच्या आसपास. पट्टा जरा ढिला होता तो ताणला, बॅटरीची टोकं घासून साफ केली आणि गाडी दिली.

बारा दिवसांनी परत. या वेळी अल्टरनेटर उतरवला. आतले कार्बन झिजले होते, ते बदलले. दहा दिवसांनी परत. मग मी अख्खा अल्टरनेटरच बदलला आणि बॅटरीही नवी बसवली. पंप नवा, टाकी नवी. आता काही राहिलं नाही, असं मी काकूंना म्हणालो.

डिसेंबर लागला. कोहरा, म्हणजे दाट धुकं, पडायला लागला. गंगेवरून तो असा उठतो की पुलाचं पुढचं टोक दिसत नाही. सकाळीसुद्धा दिवे लावून गाडी चालवावी लागते. एके दिवशी डायलिसिस करून परत जाताना दोघं दुकानापाशी थांबले. काकू उतरल्या. काका मागे डोळे मिटून होते, डायलिसिसनंतर त्यांना बोलण्याचंही त्राण नसायचं.

काकू म्हणाल्या, "सदाभाऊ, अजून काहीतरी आहे बरं का. पुलाच्या चढावर दिवे पिवळे पडतात."

"कोहऱ्यात सगळंच पिवळं दिसतं, काकू. लाल दिवा लागतो का?"

"नाही. तो कधीच लागला नाही."

"मग चार्जिंग ठीक आहे. पंप थांबला तर तो लागतोच."

त्या जरा थांबल्या. गणिताच्या बाई होत्या, पायरी सुटलेली त्यांना चालायची नाही. म्हणाल्या, "आणखी एक. त्याच चढावर अ‍ॅक्सिलरेटर कडक होतो. पाय दाबावा लागतो. उतारावर परत हलका."

मी तेव्हा दुसऱ्या एका गाडीच्या डॅशबोर्डखाली अर्धा आडवा होतो. तिथूनच म्हणालो, "ते केबलचं काम. मेकॅनिककडून तेल सोडून घ्या. माझं खातं नाही ते."

"तेल सोडून झालं. फरक नाही."

"काकू, तुम्ही गाडी सांभाळून चालवा, बाकीचं माझ्यावर सोडा."

तेवढ्यात मागच्या सीटवरून काकांनी काच खाली घेतली. आवाज बारीक झाला होता. "सदाशिव," ते म्हणाले, "अर्थ बघितलीस का? इंजिनची?"

ही अर्थ म्हणजे काय ते सांगायला हवं. वीज बॅटरीतून निघते ती वायरीने जाते, पण परत येते ती गाडीच्या लोखंडी अंगातून. इंजिन मात्र रबराच्या गुटक्यांवर बसवलेलं असतं, धक्के लागू नयेत म्हणून. रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि गाडीचं अंग यांच्यामध्ये तांब्याच्या तारांची एक जाड वेणी असते. तिला आम्ही अर्थ म्हणतो. काकांनी जन्मभर हेच काम केलेलं, त्यांना बरोबर तेच सुचलं.

मी म्हणालो, "बघितली, काका."

मी ती बघितली होती का? बॉनेट उघडताना माझी नजर तिच्यावरून गेली होती. काळी नळी चढवलेली वेणी होती, दोन्ही बोल्ट जागेवर होते. याला बघणं म्हणत असाल तर बघितली होती. मीटर लावून, वेणी हलवून, इंजिनला जोर देऊन मी ती एकदाही तपासली नव्हती. हे मला बोलतानाच माहीत होतं. पण चौथ्यांदा आलेली गाडी, चार लोक दुकानात उभे, आणि मागच्या सीटवरचा आजारी माणूस मला माझं काम सांगतोय. 'नाही बघितली, आत्ता बघतो,' हे सांगायला जीभ वळली नाही.

काकांनी मान हलवली. "बघितलीस ना, मग झालं," म्हणाले आणि काच वर केली. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. सिग्नलच्या कामात एक माणूस 'तपासलं' म्हणाला की त्या शब्दावर गाडी सोडतात. त्यांना ती सवय होती.

त्यानंतर सहा दिवसांनी मी सकाळी घरी पूजेला बसलो होतो. वडील गेल्यापासून देवांची पूजा माझ्याकडे आहे, आणि पूजेच्या वेळी मोबाइल मी बाहेरच्या खोलीत ठेवतो. उठून पाहिलं तर काकूंचे पाच फोन येऊन गेले होते. पहिला चाळीस मिनिटांपूर्वीचा. मी फोन लावला, उचलला गेला नाही. दुकानातून एक भरलेली बॅटरी आणि जोडवायरी घेतल्या, स्कूटरच्या पायाशी ठेवल्या आणि पुलाकडे निघालो.

पुलावर जाम होता. कोहऱ्यात ट्रकांचे भोंगे वाजत होते, दिसत कुणी नव्हतं. चढाच्या शेवटी, अगदी मधोमध येण्याआधी, काकूंची गाडी कडेला लागलेली होती. आत कोणी नाही. एक वाहतूक पोलीस मफलर गुंडाळून शेजारी उभा. मला बघून म्हणाला, "आप ही मास्टर हैं? माताजी चाबी दे गई हैं. बोलीं, सदाशिव आएँगे."

"और वो लोग?"

"बाबूजी की साँस फूल रही थी. बहुत देर गाड़ी में ही बैठे रहे, ऑटो मिल नहीं रहा था. फिर टोटो में बैठाकर भेजा."

टोटो म्हणजे बॅटरीवर चालणारी ती उघडी रिक्षा. दोन्ही बाजूंनी मोकळी. त्या थंडीत, त्या वाऱ्यात. गाडीच्या मागच्या सीटवर काकांची उशी तशीच होती, मध्ये डोक्याचा खळगा पडलेली.

मी बॉनेट उघडलं. नवी बॅटरी पार कोरडी ठक्क, पॅनेलवरचा एक दिवाही लागेना. माझी बॅटरी जोडली. इंजिन जरा जड फिरलं पण लागलं. पोलिसाने ट्रक अडवले आणि स्कूटर त्याच्यापाशी ठेवून मी गाडी पहिल्या गियरमध्ये चढावर सोडली.

आणि पायाखालचा अ‍ॅक्सिलरेटर कडक झाला.

ती गाडी तीन महिन्यांत चारदा माझ्या दुकानात आली होती आणि मी ती एकदाही रस्त्यावर चालवली नव्हती. उभ्या गाडीचं इंजिन चालू करायचं, मीटर बघायचं, झालं. आता पेडल पायाला विरोध करत होतं, आणि समोर कोहऱ्यावर पडलेला दिव्यांचा उजेड माझ्या डोळ्यांदेखत पांढऱ्याचा पिवळा झाला. लाल दिवा लागला नव्हता. काकूंनी एक एक शब्द खरा सांगितला होता.

पूल संपताच मी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलला हात लावला. बोट भाजलं. पोळपाटाशेजारच्या तव्याला चुकून लागतं तसं. त्या क्षणी सगळं कळलं. इंजिनकडे परत जाणाऱ्या विजेला वाट मिळत नव्हती, म्हणून ती या बिचाऱ्या बारीक केबलमधून जात होती. केबल तापून आतलं प्लास्टिक मऊ होत होतं आणि पेडल जड होत होतं. लाल दिवा का लागत नव्हता तेही कळलं. पंप थांबलेलाच नव्हता. तो आपल्या परीने पुरी वीज काढत होता, टाकीपर्यंत ती पोचत नव्हती.

अर्थच्या वेणीवरची काळी नळी मी ब्लेडने चिरली. आत तांबं राहिलंच नव्हतं म्हणा. हिरवी भुकटी आणि सात-आठ तारा. गाडी उभी असताना त्या तारा एकमेकींना टेकून असायच्या आणि माझं मीटर चौदा दाखवायचं. चढावर इंजिन जोर लावतं तेव्हा रबरावर थोडं कलतं. ते कललं की तारा सुटायच्या. पूल संपला, इंजिन सरळ झालं की पुन्हा टेकायच्या. माझ्या दुकानात चढ नव्हता.

डिकीत माझी जाड जोडवायर टाकली होती. तिचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, दुसरं इंजिनच्या बोल्टला. दिवे लख्ख झाले. दोन मिनिटं लागली. ऑक्टोबरपासून जे चाललं होतं ते दोन मिनिटांत संपलं. त्या रस्त्याच्या कडेला मी किती वेळ तसाच उभा होतो मला माहीत नाही. हात ग्रीसने भरलेले होते म्हणून डोळे पुसता येईनात.

इस्पितळात काकू डायलिसिसच्या खोलीबाहेर बाकावर बसल्या होत्या. काकांना पोचायला दीड तास उशीर झाला. त्यांचं मशीन दुसऱ्या पेशंटला लावून झालं होतं. दुपारपर्यंत थांबायला सांगितलं होतं, पण तितकं थांबणं काकांच्या छातीला झेपलं नाही. फुप्फुसांत पाणी भरलं. त्यांना अतिदक्षता विभागात हलवलं होतं.

मी किल्ली काकूंच्या हातात दिली. म्हणालो, "गाडी नीट झाली, काकू."

"काय होतं?"

खरं म्हणजे त्या वेळी 'एक वायर तुटली होती' म्हणून मोकळं होता आलं असतं. वायरी तुटतात, त्यात कुणाचा दोष नसतो. त्यांनी पुढे विचारलंही नसतं. मी भिंतीकडे बघत म्हणालो, "अर्थ होती. काकांनी विचारली होती तीच. मी बघितली म्हणालो होतो. बघितली नव्हती."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. पांढरी शाल, केस विस्कटलेले, चष्म्याच्या काचेवर अजून थेंब. रागाचा एक शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी दिवे पिवळे पडतात म्हणाले," त्या म्हणाल्या. "पेडल कडक होतं म्हणाले."

"हो."

"चढावरच होतं, उतारावर नाही, हेही सांगितलं."

"हो, काकू."

"मग आणखी काय सांगायला हवं होतं मी?"

मी तिथेच, बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून राहिलो. दुकान उघडलं नाही. संध्याकाळी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले की धोका टळलाय, तेव्हा काकू उठून आत गेल्या. माझ्याकडे वळून बघितलं नाही.

काका सहा दिवसांनी घरी आले. मी नवी वेणी बसवली होती, एकीऐवजी दोन, आणि केबलही बदलून दिली होती. सातव्या दिवशी रामनगरला गेलो. हे मला स्वतः काकांना सांगायचं होतं, काकूंनी सांगितलं असेल तरीही. काका उन्हात आरामखुर्चीवर बसले होते, पाय सुजलेले, अंगावर दोन ब्लँकेटं. मी खाली जिन्याच्या पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. बघितली म्हणालो ते का म्हणालो, तेसुद्धा.

ते ऐकत होते. मग म्हणाले, "चढावर किती व्होल्ट पडले?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय काका?"

"तुटलेल्या वेणीवर. इंजिन आणि बॉडीच्या मध्ये. किती पडले?"

"ते मोजलं नाही, काका. केबल तापलेली लागली हाताला, कळलंच."

"मोजायला हवं होतं," ते म्हणाले. थोडा वेळ श्वास घेतला. "जुनी वेणी आहे का? फेकलीस?"

फेकली नव्हती, माझ्या स्कूटरच्या डिकीत होती. मी ती आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. काकांनी चष्मा लावला आणि ती हिरवी भुकटी झालेली वेणी दोन्ही हातांत धरून वाकवली, सरळ केली, पुन्हा वाकवली. मनगटांवर सलाईनच्या सुयांचे निळे डाग होते. मग म्हणाले, "आमच्याकडे रजिस्टर असायचं. काय तपासलं त्याच्यापुढे सही करायची. सदाशिव, मी नोकरीत असताना थंडीत, पावसात, अशा पुष्कळ सह्या न बघता केल्या आहेत. रुळांवर उतरायचा कंटाळा. माझं नशीब, त्यातली एकही उघडकीला आली नाही. कुणी मेलं नाही. तुझी आली."

"काका, तुम्हाला काही झालं असतं तर..."

"झालं नाही ना. पण होणार होतं, हे तू विसरू नको. मी तुला 'जाऊ दे' म्हणणार नाही. मला म्हणता येईल, पण तुझ्या कामाचं नाही ते."

काकूंनी चहा आणला. माझा कप माझ्या हातात न देता पायरीवर ठेवला. मी तो घेतला.

त्यानंतर माझ्या कामाची रीत बदलली. दुकानात आलेली प्रत्येक कधीतरी-बिघडणारी गाडी मी आधी गिऱ्हाइकाला शेजारी बसवून चालवायला लागलो. मीटरच्या लांब वायरी करून घेतल्या, त्या खिडकीतून आत घ्यायच्या आणि गाडी पुलावर न्यायची. गिऱ्हाईक म्हणेल ते ऐकायचं, कितीही वेडगळ वाटलं तरी. एक बाई म्हणाल्या, डावीकडे वळलं की रेडिओ बंद होतो आणि बॅटरी उतरते. मी हसलो नाही. डावीकडे वळून पाहिलं. खरंच होत होतं, स्टिअरिंगखाली वायर सोललेली निघाली. दुकानात शिकायला येणारी पोरं हे काम शिकवा म्हणाली की मी एवढंच सांगायचो, जे मोजलं नाही त्याला मोजलं म्हणू नका. ते मान डोलवायचे. त्या वयात मीही माझ्या उस्तादांपुढे तशीच मान डोलवली होती.

काकू गाडी घेऊन येत राहिल्या. दर तीन महिन्यांनी, सांगितल्याप्रमाणे. पण आता त्या बाकावर बसत नसत. माझ्या खांद्याशी उभ्या राहायच्या. मी म्हणायचो, "ठीक आहे, काकू." त्या म्हणायच्या, "दाखवा." मी मीटर त्यांच्याकडे वळवायचो, त्या आकडा वाचायच्या, मग बॉनेट पाडायचं. इतर गिऱ्हाइकांना गंमत वाटायची. मला वाटत नव्हती.

काका त्यानंतर दीड वर्ष जगले. पुलावर गाडी परत कधी थांबली नाही. गेले ते घरीच, पावसाळ्यात, दुपारी, पेपर वाचता वाचता. गंगा खूप चढली होती, घाट बुडालेले. अंत्यसंस्काराला आम्ही दहा-बारा माणसं होतो. मुलगा पोचायच्या आत करावं लागलं. काकूंनी तिथे मला बोलावून विचारलं, "मंत्र तुम्हाला येतात ना? तुमचे वडील सांगायचे." मला अर्धेच यायचे. मी ते खरं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या गुरुजींना बोलावलं.

मला वाटलं, आता गाडी विकतील. महिन्याभराने गाडी दुकानासमोर येऊन थांबली. स्टिअरिंगवर काकू आणि मागच्या सीटवर एक वयस्कर गृहस्थ, डोक्याला गोल टोपी, मनगटाला पट्टी. रामनगरचे विणकर, अन्सारी साहेब. डायलिसिसला काकांच्या शेजारच्या पलंगावर असायचे आणि टोटोने यायचे-जायचे.

"आता यांना नेते," काकू म्हणाल्या. "मंगळवार, गुरुवार, शनिवार. मला सवय झालीय त्या वेळेची. घरी बसून काय करू?"

मी सगळं तपासलं, त्यांना दाखवलं. बॉनेट पाडलं. अन्सारी साहेबांनी मागून विचारलं, "मास्टर साहब, गाड़ी रास्ते में दगा तो नहीं देगी?"

मी उत्तर देण्याआधी काकूच बोलल्या, "नहीं देगी. हमने खुद देखा है."

मग त्या खाली उतरून माझ्यापाशी आल्या, अन्सारी साहेबांना ऐकू जाणार नाही इतक्या जवळ. "सदाभाऊ, ते गेले म्हणून त्या सकाळचं मी विसरले असं समजू नका. ते टोटोत माझ्या खांद्यावर कण्हत होते. ते माझ्या कानातून जात नाही."

"मी समजत नाही तसं, काकू."

"पण ही गाडी दुसऱ्या कुणाला दाखवणार नाही मी. तुम्हाला ती कळलीय, फार महागात कळलीय. तेवढं वाया कशाला घालवू?"

त्या गाडीत बसल्या, आरसा नीट केला, बेल्ट लावला. समोरून येणाऱ्या ट्रकला जाऊ दिलं. मग हात बाहेर काढून उजवीकडे वळायची खूण केली आणि अन्सारी साहेबांना घेऊन सावकाश इस्पितळाच्या रस्त्याला लागल्या.